बारीक लाटेची फळी

ज्याला पोहता येत नाही, ज्यानं पन्नाशी उलटेपर्यंत समुद्र डोळ्यांनी बघितला नव्हता, अशा माणसानं समुद्रापासून शेकडो कोस लांब कुकटपल्लीत बसून समुद्राच्या लाटेवर पळायची फळी बनवायला घेतली तर त्याला तुम्ही काय म्हणाल? आम्ही 'बडे सेठ' म्हणायचो. म्हणावंच लागायचं, कारण पगार त्याच्या धाकट्या भावाकडून मिळायचा. तोंडावर 'सेठ, तुम्ही', आणि पाठ फिरली की 'तो येडा'.

आमचा कारखाना फायबरच्या पाण्याच्या टाक्यांचा. मी तिथं तपासणीला. टाकी तयार झाली की बाहेरून ठोकून बघायची, आत डोकं घालून भोकं शोधायची, आणि मन भरलं तर 'ओके'चं हिरवं स्टिकर माझ्या हातानं लावायचं. चौदा वर्षं मी हेच करत आलेय. स्टिकरच्या आधी आमच्याकडं एक रीत आहे. टाकी पालथी घालतात आणि आमचा मिस्त्री यादगिरी, चांगला शंभर किलोचा गडी, तिच्यावर चढून तीन उड्या मारतो. टाकी हूं की चूं न करता राहिली तरच ती गाडीत चढते. माझं स्टिकर लागलेली एकही टाकी आजवर परत आलेली नाही. मिरवायला सांगत नाही हे. बरं, थोडं मिरवायलाच सांगते.

आणि अशा कारखान्यात हा माणूस. अंगात राखाडी सफारी, पायात रबरी चप्पल, सफारीच्या खिशात पेन्सिलीचे तुकडे. चहा आला की बशीत ओतायचा, हल्लू फुंकर मारायचा, आणि बशीच्या काठावर चहा कसा चढतो ते बघत बसायचा. चहा गार व्हायचा, वर साय यायची, तरी हा बघतोच आहे. मग एकदम मान वर करून म्हणायचा, "बाई, दिसलं का? काठाजवळ आली की उभी राहते. मधी नाही राहत." मला काय दिसणार? मला समोर न संपलेली रोजची कामं दिसायची. मी म्हणायची, "हौ सेठ, दिसलं," आणि निघायची.

त्याची दुसरी खोड तर मार खायच्या लायकीची होती. लाटेवरच्या फळीवर उभं राहताना कुणाचा डावा पाय पुढं येतो, कुणाचा उजवा. हे विचारून कळत नाही म्हणे, बेसावध माणसाला मागून ढकललं तरच कळतं. मग काय, साहेब ढकलत सुटले! मला ढकललं, माझ्या हातातली चहाची किटली गेली. यादगिरीला ढकललं, तो हललाच नाही. एकदा टाक्यांचं मोठं गिऱ्हाईक आलेलं, छोटे सेठ हात जोडून त्याच्याशी बोलतायत, तेवढ्यात ह्यानं मागून येऊन त्याला धक्का दिला. गिऱ्हाईक जाऊन टेबलावर आपटलं. हा खूश! "उजवा!" म्हणतो, आणि वहीत लिहून घेतो. ते गिऱ्हाईक पुन्हा काही आमच्या फाटकात फिरकलं नाही.

हे वेड लागलं ते छोटे सेठच्या चुकीनं. विशाखापट्टणमकडं कुठंतरी मत्स्यबीजाच्या हौदांची मापं घ्यायची होती, आणि माणूस मोकळा नव्हता. रिकामा म्हणजे घरात हा एकच. दोन दिवसांत येतो म्हणून गेला तो नवव्या दिवशी उगवला. मापं? मापांचा पत्ता नाही. अख्खी वही लाटांच्या चित्रांनी भरलेली. तिथल्या एका किनाऱ्यावर कोळ्यांच्या घरची एक मुलगी गुडघाभर लाटांवर पळताना दिसली होती म्हणे. कुणा परदेशी माणसानं मोडली म्हणून टाकून दिलेली फळी, तिला मधोमध डांबर आणि ताडपत्रीचा जोड, आत पाणी मुरून दगड झालेली. त्या असल्या फळीवर ती पळत होती. हा सात दिवस छत्री घेऊन वाळूत बसला आणि परत आल्यावर भावाला म्हणाला, "तिच्यासाठी मी बनवणार."

छोटे सेठ म्हणाले, "दादा, आपण टाक्या बनवतो."

"टाकीत पाणी उभं असतं रे," हा म्हणाला. "ते काय काम झालं?"

चौदा वर्षं मी ज्याच्यावर पोट भरलं त्याला हा माणूस काम म्हणायला तयार नव्हता! आणि का तयार असेल? बापजाद्यांची जमीन होती नांदेडकडं, ती विकून भावानं कारखाना काढला, अर्धी मालकी ह्याची. माझे आजोबा त्याच बाजूच्या एका गावातून निघाले. आम्ही बौद्ध. कुणी कुठल्या विहिरीचं पाणी भरायचं हे तिथं ह्यांच्यासारखी घराणी ठरवायची. आजोबा इथं शहरात, गौलीगुड्यात येऊन हमाली करू लागले, वडिलांनी नोकरी धरली, मी जामबागेच्या शाळेत शिकून डिप्लोमा घेतला. आमच्यात कुणाला येडं व्हायची सवड मिळाली नाही. म्हणून तो जेव्हा गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "कमजोर लाट म्हणजे गरीब माणूस, बाई. तिच्याकडं मागायचं नाही. ती देते तेवढ्यात आपण पळायचं," तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. गरिबाचं गणित हा मला शिकवणार!

त्याचं म्हणणं काय होतं ते सांगते, कारण चार वर्षं रोज ऐकून मला पाठ झालंय. "मोठ्या लाटेवर घराचं दार पण पळतं. बारीक लाटेवर पळून दाखवा." बारीक लाटेत जोर नसतो, म्हणून फळी आखूड आणि रुंद हवी. नाक वर वळलेलं नक्को, ते पाणी ढकलत बसतं. जाडी छातीखाली हवी, म्हणजे हातानं दोनदा पाणी मारलं की फळी उठली. पण नुसती सरळ पळाली तर स्पर्धेत परीक्षक गुण देत नाहीत, ती झटक्यात वळायला पाहिजे. म्हणून शेपूट माशासारखी, मधी चिरलेली. आणि ह्या सगळ्याच्या वर वजन. "शंभर ग्रॅम जास्त झालं की लाट खालून निघून जाते, बाई. माणूस तिथंच."

पहिली फळी त्यानं आमच्या नेहमीच्या रेझिनमध्ये केली. थर्माकोल कापला, घासला, कापड अंथरलं, रेझिन ओतलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थर्माकोलचं ताक झालं. थर चढवणारे लॅमिनेशनचे लोक पोट धरधरून हसले. आमचं रेझिन थर्माकोल खातं हे तिथल्या झाडूवाल्या अम्माला पण ठाऊक होतं. दुसरा असता तर तोंड लपवलं असतं. हा टाळ्या वाजवत होता. मग दुसरं रेझिन मागवलं, सोनाराचा काटा आणला, आणि मी नापास केलेली एक लांबट उघडी टाकी अंगणात मांडली. एका टोकाला प्लायवूडचा तुकडा ढकलून दोन बोटं उंचीच्या लाटा काढायच्या, आणि वर वीतभर फळ्या सोडायच्या. फळीवर स्वार म्हणून कपड्यांचा चिमटा. पन्नाशीतला माणूस, सफारी कोपरापर्यंत भिजलेली, आणि चिमट्याला ओरडतोय, "वळ! वळ की!" छोटे सेठच्या सासूबाई एकदा हे बघून गेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत.

इथवर ठीक होतं. येडा आपल्या घरी येडा, आपलं काय जातं? माझं डोकं फिरलं ते ती मुलगी आली त्या दिवशी.

रत्ना तिचं नाव. एकोणीस वर्षांची, काळीसावळी, खांदे पोरासारखे. सोबत आई. सेठनं दोघींना माप घ्यायला बोलावलं होतं. उंची, वजन, तळव्याचा ठसा, हाताची लांबी, सगळं झालं. दुपारी माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा तिनं खाल्ला, ठसका लागला, तरी दुसरी भाकरी मागितली. तेलुगूत सगळं सांगितलं तिनं. तिच्याच किनाऱ्यावर स्पर्धा होती. पहिल्या दोघींना वर्षभर शिबिरात ठेवून घेणार, राहणं-खाणं-शिकवणं, आणि मग शिकवण्याची नोकरी. तिसरीला काही नाही. आणि त्या महिन्यात तिथल्या लाटा अशा बारीक असतात की तिची ती जुनी फळी उठतच नाही.

"जागा नाही मिळाली तर?" मी विचारलं.

"तर शेडमध्ये, अक्का," ती म्हणाली. कोळंबी सोलायची शेड. आई तिथंच होती. आईनं पदराखालून हात काढून दाखवले. बर्फात राहून राहून बोटांची टोकं पांढरी पडलेली, नखांच्या कडा कुजलेल्या. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग सगळा त्याच्यावर. खेळ ह्याचा आणि जीव तिचा! पोरीनं आपलं अख्खं आयुष्य कुणाच्या हातात दिलं, तर बशीतल्या चहाला फुंकर मारणाऱ्या माणसाच्या.

स्पर्धेच्या चार दिवस आधी फळी पूर्ण झाली. खोटं कशाला बोलू, देखणी होती. त्यानं ती काट्यावर ठेवली, आणि पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं, 'दोन किलो आठशे'. खाली सही. मग तो पाणी बघायला रत्नाच्या किनाऱ्यावर पुढं निघून गेला. फळी मी बांधून गौलीगुड्याहून बसनं पाठवायची होती, माझं घर तिथंच म्हणून. जाताना म्हणाला, "बाई, तुमचं स्टिकर लावा हां. तुमचं स्टिकर असलं की मी बघत नाही."

तो गेल्यावर दुपारी मी स्टिकर घेऊन गेले. सवयीनं फळीवर अंगठा दाबला. खळगा पडला. चक्क खळगा, पिकल्या चिकूला पडावा तसा. ह्याच्यावर ती पोरगी उभी राहणार? यादगिरीला हाक मारली. त्यानं नखानं टिचकी मारून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "अक्का, ये तो पापड है जी. पोट्टी खडी रही तो पाव अंदर जाता."

सेठला फोन लावायला हवा होता. नाही लावला. लावला असता तर त्यानं तेच ऐकवलं असतं, शंभर ग्रॅम आणि गरीब लाट. माझा त्या बडबडीवर काडीचा विश्वास नव्हता, आणि त्या पोरीला दुसरी फळी जन्मात मिळणार नव्हती. मी यादगिरीला म्हटलं, "एक थर दे. वर आणि खाली." आम्ही टाकीला देतो तो काचेच्या धाग्यांचा मॅट, सगळ्यात पातळातला. सेठचंच उरलेलं रेझिन वापरलं. दुसऱ्या दिवशी घासून चकचकीत केली. रेझिन प्यायला की मॅट काचेसारखा पारदर्शक होतो, त्यामुळं खालचं पेन्सिलीचं 'दोन किलो आठशे' अगदी स्वच्छ दिसत होतं. अंगठा दाबला. दगड! यादगिरी एक पाय ठेवून उभा राहिला, काही झालं नाही. मी हिरवं स्टिकर लावलं, आणि तुम्हाला सांगते, चौदा वर्षांत एवढ्या समाधानानं मी कधी स्टिकर लावलं नव्हतं. काट्यावर मात्र ठेवली नाही. आम्ही टाक्या मजबुतीला तपासतो, वजनाला नाही.

रत्ना तिसरी आली.

हे त्यानंच येऊन सांगितलं. लाटा पोटरीएवढ्याच होत्या, अगदी त्यानं सांगितल्या तशा. दुसऱ्या मुली दुकानातल्या साध्या फळ्यांवर होत्या. रत्ना पाण्यात शिरायची, जीव तोडून हात मारायची, लाट यायची आणि तिच्या खालून निघून जायची. ज्या लाटांवर ती उठली त्यांवर बाकी कुणाला जमणार नाही असं पळाली म्हणे. पण उठलीच थोड्या वेळा. "आधी हातात घेतली तेव्हा मला पण जरा जड लागली," तो म्हणाला. "पण खांदा दुखत होता माझा, बसचा प्रवास. आकडा लिहिलेला होता, तुमचं स्टिकर होतं. मग म्हटलं, आपलाच हात." रत्नाला तरी ती जड आहे हे कसं कळणार? तिनं आजवर उचललेली एकच फळी, ती ताडपत्रीची, पाणी प्यालेली.

ऑफिसात सगळे जमलेले. छोटे सेठ म्हणाले, "झालं समाधान, दादा? चार वर्षं! आता तरी ही सर्कस बंद करा." लोक हसले. मी पण हसले. जोरात हसले.

त्यानंतर आठवडाभर तो अंगणातल्या टाकीपाशी बसून होता. ना सफारी बदलली, ना दाढी केली. एका सकाळी मला हाक मारली. वीतभर फळी पाण्यात सोडली, यादगिरीला प्लायवूड ढकलायला लावलं. फळी उठली, पळाली, चिमट्यासकट वळली पण. मग त्यानं त्याच फळीवर दहाचं एक नाणं चिकटवलं. पुन्हा लाट. लाट आली आणि फळीच्या खालून हळूच निघून गेली. फळी जागच्या जागी डुलत राहिली.

"हेच झालं तिथं," तो म्हणाला. "हुबेहूब हेच. पण वजन तर बरोबर होतं, बाई. मी स्वतः केलं होतं. निघताना बरोबर होतं ना?"

यादगिरी खाली बघत होता. मी त्या नाण्याकडं बघत होते. चार वर्षं ज्याला येड्याची बडबड समजले ते समोर पाण्यात दिसत होतं, आणि लाजेनं माझे कान तापले होते. तोंड उघडायला हवं होतं तर त्याच वेळी.

"हौ सेठ," मी म्हणाले. "बरोबर होतं."

"मग आकारच चुकला," तो म्हणाला, आणि नाणं काढून पुसून मला परत दिलं. माझ्या टेबलावरून घेतलेलं होतं ते.

महिन्याभरानं ऑफिसच्या फोनवर रत्ना. बडे सेठ बँकेत गेलेले. घाबरत बोलत होती. "अक्का, सरांना सांगा, फळी चांगली होती. माझेच हात कमी पडले. सरांचं नाव मी खाली पाडलं, म्हणून त्यांचा फोन घ्यायला तोंड नाही मला. सोमवारपासून शेडमध्ये जाते. सर रागावलेत का?"

ती पोरगी स्वतःला दोष देत बर्फात हात घालणार होती. ते मला सहन झालं नाही. मी म्हणाले, "तुझे हात कमी नाही पडले, रत्ना. दोष फळीत होता."

"कुणाचा दोष, अक्का?"

सांगायला दोन शब्द लागले असते. यादगिरी दारात उभा होता, छोटे सेठ आत होते, आणि भिंतीवर माझ्या सहीची तपासणीची पाटी होती. मी म्हणाले, "सेठचं गणित चुकलं."

ती म्हणाली, "मग मला तसं का नाही सांगितलं त्यांनी? मला रडू दिलं सगळ्यांसमोर." आणि "सरे, अक्का", म्हणजे बरं, एवढंच म्हणून फोन ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढं सगळं त्या माणसाला नावं ठेवायला सांगितलंत की काय? हौ, नावं ठेवायलाच बसले होते. तो येडा होताच, अजून आहे. माणसांना मागून ढकलतो, चहा गार करतो, भावाच्या जिवावर जगतो. पण त्याच्या हातून गेली ती फळी बरोबर होती. माझ्या हातून गेली ती चुकीची होती. ती फळी अजून शाबूत आहे असं तिकडं जाऊन आलेला आमचा ड्रायव्हर सांगतो. कितीही आपटा, फुटत नाही. किनाऱ्यावर येणारे हौशी लोक तिच्यावर पोट टेकून फोटो काढतात.

सेठ दर दोन-चार दिवसांनी विचारायचा, "रत्नाचा फोन आला होता का, बाई? माझा घेत नाही." मी नाही म्हणून मान हलवायची. "शिकत असेल कुठं," तो म्हणायचा. "हुशार आहे पोरगी."

गेल्या आठवड्यात त्यानं कारखान्याच्या शेडमधून प्लायवूडचा साचा बाहेर काढला. फळीचा आकार ज्यावरून आखायचा तो, चार वर्षं घासून घासून नेमका केलेला. कडेनं बारीक अक्षरात सगळी मापं लिहिलेली. दोन स्टुलांवर आडवा ठेवला, हातात करवत घेतली. यादगिरी आसपास नव्हता.

"चुकीची वस्तू घरात ठेवू नये," तो म्हणाला. "मन तिच्याकडंच जातं. बाई, ते टोक जरा घट्ट धरा."

मी धरलं.